गावाच्या पानावरचं तुझं नाव

प्रिय शालू,

लग्नाआधी मी तुला एकच पत्र लिहिलं होतं आणि त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. आज पुन्हा लिहायला बसलोय, कारण तुझ्या भावानं एक काम करून ठेवलंय आणि ते निस्तरणं माझ्यावर आलंय. संजूनं विकीवर आपल्या गावाच्या पानावर तुझं नाव चढवलंय. 'प्रसिद्ध व्यक्ती' म्हणून! काय करू, सांग.

तुझ्याच दुकानात बसलोय. शटर अर्धं वर आहे. तू गेल्यापासून ऑनलाइन सेंटर बंद आहे. सातबारा काढायला कोणी आलंच तर माझ्या खताच्या दुकानातून त्याला धाड गावातल्या सेंटरचा रस्ता दाखवतो. तुझ्या खुर्चीवर आज पहिल्यांदा बसलो. उंची तुझ्या मापानं लावलेली, माझे गुडघे टेबलाला लागतात. पण बदलली नाही.

आपल्या दोन दुकानांत एकच भिंत. गिऱ्हाईक नसलं की पलीकडून कीबोर्डची टकटक सुरू व्हायची आणि मला कळायचं, बाईंनी झाडू हातात घेतला! मी इकडूनच ओरडायचो, "आज कोन्या गावाचा कचरा काढून राह्यली वं?" आणि तू म्हणायचीस, "तुमी तुमचे पोते मोजा."

कचराच होता तो. सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश, कोणीही यावं आणि लिहावं. आणि कोणीही यायचं! आपल्या गावाच्या पानावर कोणी ट्रॅक्टरची जाहिरात टाकलेली, कोणी शिकवणीचा फोन नंबर, कोणी 'जगातील सर्वात सुंदर गाव'. तू एकेक काढायचीस, तुटलेली वाक्यं जोडायचीस, फोटो जागेवर लावायचीस. मग बीबीकडची गावं, मग खामगावकडची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आभार मानले नाहीत. तू हे करतेस हे गावाला कळलं ते लोकांची नावं गळायला लागल्यावर. मग तुला 'खोडरबर बाई' म्हणायला लागले. तू काय केलंस? तेच नाव घेऊन विकीवर वावरायला लागलीस. मला तर चारचौघांत लाज वाटायची.

आठवतं, दादा रागानं लाल होऊन आला होता ते? आमच्या आबांनी शाळेला जागा दिली, हे माझ्या थोरल्या भावानं त्या पानावर लिहिलं होतं आणि तू ते काढलंस. सख्ख्या सासऱ्याचं नाव! दादानं आबांच्या निधनाच्या वेळचं पेपरचं कात्रण तुझ्या टेबलावर आपटलं.

"हे पाय! पेपरात छापून आलं. आता तं झालं?"

तू चष्मा वर सरकवून ते सावकाश वाचलंस. "ही तं आपन देलेली जाहिरात हाये. मजकूर यायनंच सांगतला व्हता," असं म्हणून माझ्याकडं बोट केलंस. "आपनच छापाचं अन् आपनच दाखवाचं, मंग तो संदर्भ कायचा?"

"खोटं हाये का त्याच्यात काही?" मी ओरडलो.

"खोटं नाही हो. मामाजी मोठेच व्हते. पन ते आपल्या तोंडून नाही. बाहेरच्यानं लिहावं. आज मामाजीले ठेवलं तं उद्या त्या ट्रॅक्टरवाल्याले कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

त्यानंतर कित्येक दिवस मी भिंतीपलीकडं हाक मारली नाही. तू चहा मात्र वेळेवर पाठवत राहिलीस. अजूनही मला तुझं पटलेलं नाही, बरं का. एक ओळ राहिली असती तर काय बिघडणार होतं गं?

आणि एवढा नियम पाळणारी तू, स्वतःच्या बाबतीत काय केलंस? छातीत दुखतंय म्हणालीस आणि लगेच, "ॲसिडिटी हाये, जाईल." साऱ्या जगाला संदर्भ मागणारी बाई! डॉक्टरनं सांगितलं होतं का? कुठं लिहिलं होतं का? मीही विचारलं नाही. तू सांगितलंस म्हणजे खरंच असणार, असं धरून मी दुकान उघडलं. दुपारी भिंतीपलीकडची टकटक थांबली, तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

आज तुझा कॉम्प्युटर सुरू केला तर तुझ्या चर्चापानावर निरोप दिसला. ते कोल्हापूरकडचे, ज्यांना तू कधी पाहिलं नाहीस आणि ज्यांच्याशी एका किल्ल्याच्या पानावरून महिनाभर भांडलीस, त्यांचा. 'ताई, बरेच दिवस दिसला नाहीत. तुमच्याकडच्या गावांच्या पानांवर पुन्हा जाहिराती आल्यात. बऱ्या आहात ना?'

काय लिहू त्यांना? त्यांना तुझं नावसुद्धा माहीत नाही. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, 'खोडरबर बाई वारल्या. मी त्यांचा नवरा.' आणि निरोप पाठवला. तुझ्यासाठी इतक्या लांब कोणी थांबलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

आता संजूचं ऐक. त्यानं लिहिलंय, 'कै. सौ. शालिनीताई, थोर समाजसेविका, गावाची शान, ज्ञानाचा अखंड झरा.' तुझं खरं नाव त्या पानावर पहिल्यांदाच आलं. वाचलं आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्या पानाची निगा राखलीस, तिथं तू असावीस, एवढंच ना त्या पोराला वाटलं? मलाही तेच वाटतंय. शंभरदा वाटतंय.

पण खाली त्यानं संदर्भ जोडलाय. तेच, पेपरमधली श्रद्धांजलीची जाहिरात! ती कोणी दिली? मी. खामगावच्या पेपरवाल्यानं फोनवर विचारलं, "बाई काय करायच्या?" विकीचं सांगायला गेलो आणि मला रडूच आवरेना. शेवटी म्हणालो, समाजसेविका लिहा. ज्ञानाचा झरा त्यानं आपल्या मनानं घातला.

म्हणजे तुझ्या मोठेपणाचा संदर्भ मीच, शालू. आणि मी चालत नाही.

थांब जरा. आलोच.

झालं. कधीतरी निवांत दुपारी तू मला खातं उघडून दिलं होतंस, बसथांब्याचा फोटो चढवायला, त्याच खात्यातून केलं. शानही काढली, झराही काढला. शेवटी तुझं नाव राहिलं. त्याच्यावर बोट ठेवून बसलो होतो गं, ते उचलवेना. मग तुझी आबांच्या वेळची मान आठवली, कात्रणावर वाकलेली. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं, 'संदर्भ घरचाच आहे.' आणि जतन केलं.

संजूचा लगेच फोन. "भाऊजी! ताईचं नाव कोन्या हलकटानं काढलं?"

"म्या."

"तुमी?" त्याचा आवाजच फुटला. "काऊन पन? तुमाले तिचं काहीच नाही का?"

समजावून सांगायला लागलो तर त्यानं फोन ठेवला. आता तो माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, कोण जाणे. तुला असंच वाटलं होतं का, मी भिंतीपलीकडून हाक मारायचा थांबलो तेव्हा? मग तू चहा कसा पाठवत होतीस गं?

आता पानाचा इतिहास उघडून बसलोय. वर माझी ओळ. तिच्याखाली संजूची. आणि त्याच्याखाली, बोट दुखेपर्यंत खाली गेलो तरी, खोडरबर बाई, खोडरबर बाई, खोडरबर बाई. 'जाहिरात काढली.' 'फुशारकी कमी केली.' 'फोटो सरळ केला.' एका ओळीत तर 'सासरे. संदर्भ मिळाल्यास आनंदानं परत घेऊ.' आनंदानं! हे मला तोंडानं का नाही सांगितलंस?

उद्या संजूकडं चहाचा डबा घेऊन जाईन. तो बोलला नाही तरी बसेन. तुझं सेंटर उघडेन आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुझी गावं झाडेन, मला जमेल तशी. आणि कधी कोणी बाहेरच्यानं, आपल्याला कोणाला न विचारता, तुझ्याबद्दल एक ओळ जरी लिहून ठेवली, तर ती मी त्या कोल्हापूरकडच्यांना पानावर लावायला सांगेन आणि मग कोणाच्या बापाला ती हलवू देणार नाही. तोवर तुझं नाव माझ्याकडं राहू दे.

तुझाच,
भिंतीपलीकडचा मधुकर