नलिनीला घेऊन या

११ एप्रिल
अण्णा आज हरवले होते. दौलतगंजातल्या घरातून एकटे निघाले, दाल बाजारातल्या हातगाड्या आणि मालाच्या टेम्पोंच्या गर्दीतून चालत माझ्या जुन्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. भर उन्हात. केळीवाल्यानं ओळखलं म्हणून घरी आले. तो म्हणाला, "दीदी, बोल रहे थे नलू को लेने आया हूँ, छुट्टी हो गई होगी।"
नलू म्हणजे मी. पंचेचाळिशी ओलांडलेली.
त्यांच्याकडची मुन्नीबाई स्वयंपाक करून गेल्यावर अण्णांनी मला फोन लावला होता. लागला नाही, म्हणून निघाले. माझा फोन ओट्यावरच होता, नेटवर्क शून्य. रिंग नाही, मिस्ड कॉल नाही, काही नाही. समोरच्या बिल्डिंगवरचा टॉवर काढल्यापासून हेच चाललंय. गाडीखाली आले असते तर.

१३ एप्रिल
कस्टमर केअर. "आपकी कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है" हे इतक्या वेळा ऐकलं की भाजी करपली. मग एक मुलगा म्हणाला, आपके क्षेत्र में नेटवर्क सामान्य है. म्हटलं, माझ्या क्षेत्रात तू राहतोस की मी?
लग्नाआधीपासून हीच कंपनी. अण्णांनी रांगेत उभं राहून नं. घेऊन दिला होता. आणि स्कीमा सगळ्या नव्या गिऱ्हाइकांना. ऋचा म्हणाली, "आई, तू लॉयल आहेस ना, इसीलिए. त्यांना पता आहे तू कुठं जाणार नाहीस."
झोंबलं. कारण खरं आहे.
जाणार. पण नं. तोच राहिला पाहिजे. अण्णांना जेवलो की नाही ते आठवत नाही, माझा नं. मात्र बोटांत आहे.

१५ एप्रिल
जयेंद्रगंजात दुसऱ्या कं.चं दुकान. आमच्या घरात त्यांचं नेटवर्क खणखणीत येतं, शेजारच्यांचा फोन आणून बघितला होता. आधार दिलं, अंगठा लावला. दुकानदार म्हणाला, "नंबर तो किसी नलिनी कदम के नाम है, आप अपर्णा जाधव हैं। पहले पुरानी कंपनी में नाम ठीक कराइए, वरना रिजेक्ट होगा।"
शहाणा माणूस वाटला. ऐकलं त्याचं.

१६ एप्रिल
जुन्या कं.चं ऑफिस. एसी चालू, माणसं गार. काउंटरवरची मुलगी ऋचाच्याच वयाची. स्क्रीन बघून म्हणाली, "मैम, ये नलिनी जी कौन हैं? उनको साथ लेकर आइए।"
"मैं ही हूँ।"
"शादी में सरनेम बदलता है मैम। नाम कैसे बदल गया?"
आता तिला काय सांगू. ताटात तांदूळ पसरतात, त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, आणि माहेरची नलिनी संपते. सांगितलं. ती हसली, शेजारच्या काउंटरवाल्यालाही सांगितलं. तोही हसला. मग म्हणाली, कोर्टाचं शपथपत्र आणा.
घरी यांच्यावर राग काढला. हे म्हणतात, "मी कुठं बदललं? आत्यानं सुचवलं होतं." मला कुणी विचारलं होतं का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे मनात आलं, तेही सिमकार्डापायी.

१९ एप्रिल
शपथपत्र झालं. नलिनी आणि अपर्णा या एकच व्यक्ती आहेत, असं शिक्क्यासकट. ते काउंटरवर दिलं. नाव बदललं, नवं सिमही हातात ठेवलं. लगेच पोर्टचा, म्हणजे नं. तोच ठेवून कं. बदलायचा मेसेज केला. नामंजूर. नाव आणि सिम आताच बदललंय, थांबा.
परत काउंटरवर. तीच मुलगी. "मैम, रिकॉर्ड में अब आप नई कस्टमर हैं। आज से।"
आज से. लग्न, ऋचाचा जन्म, आईचं शेवटचं बोलणं, सगळं याच नंबरावर झालं. आणि मी आजपासून.
म्हटलं, मग नव्या गिऱ्हाइकाची स्कीम द्या.
"वो नए नंबर पर है मैम।"
खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. आपटली नाही. पर्स आपटली.

२१ एप्रिल
यांनी दुसऱ्या कं.चं, नव्या नं.चं सिम आणलं. तो नं. ऋचानं मोठ्या अक्षरांत लिहून अण्णांच्या फोनशेजारी चिकटवला. अण्णांनी चष्मा लावून वाचला, "हा कोणाचा?" म्हणाले आणि तो कागद काढून नीट घडी घालून पेपरांच्या रद्दीत ठेवला. मग जुनाच नं. फिरवला.
ऋचानं जुन्यावरचे कॉल नव्यावर वळवले. तर मधे ती रेकॉर्डची बाई बोलते. अण्णा घाबरून ठेवून देतात. मुन्नीबाईला विचारत होते, नलूच्या घरी ही कोण बाई शिरलीय?
तेही बंद केलं. वाय-फायवरून बोलायची सोय माझ्या फोनात नाही. पोर्ट होईतोवर दुपारभर गच्चीच्या जिन्यात बसते, तिथं नेटवर्कची एखादी दांडी येते. भाजी तिथंच निवडते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारतात, घरात भांडण झालंय का? झालंय म्हटलं, कं.शी.

२८ एप्रिल
पोर्टचा कोड आला एकदाचा. आणि पाठोपाठ जुन्या कं.चा फोन. इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून कधी विचारपूस केली नव्हती. आज आवाजात नुसता पाक.
"अपर्णाजी, आप हमारी सबसे मूल्यवान ग्राहक हैं, आप क्यों जा रही हैं?" डेटा देतो, अमुक फुकट, तमुक फुकट.
विचारलं, "कब से जानते हैं मुझे?"
कीबोर्डची टकटक ऐकू आली. "जी... इसी महीने से।"
ठेवून दिला. मग कढईवर इतके हात चालवले की ऋचा बघायला आली. नव्या कं.त तरी काय वेगळं असणार आहे. तिथं आज लाडकी, उद्या मीही जुनीच होणार.

३ मे
सकाळी जुनं सिम मेलं. जयेंद्रगंजातल्या दुकानातून आणलेलं नवं चालू व्हायला वेळ लागेल म्हणाले होते, म्हणून सकाळपासून अण्णांकडेच जाऊन बसले. निघाले तर अडवता येईल.
आज मला ओळखलं नाही. पाणी विचारलं, पंख्याखाली बसवलं. "बसा हं बाई, मुलीला एक फोन लावतो."
लावला. माझा फोन मांडीवर मुका. पुन्हा लावला. मग उठून चपला शोधायला लागले.
"अण्णा, मीच नलू."
माझ्याकडे फार अदबीनं बघितलं त्यांनी. "नलू शाळेत आहे हो."
शपथपत्र घरी होतं. हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला, कुणावर ते कळेना. कं.वर, आत्यांवर, तांदळावर. अण्णांवरसुद्धा. लिहून टाकते, अण्णांवरसुद्धा.
त्यांना अडवलं नाही. छत्री धरून बरोबर गेले. शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप. ते कुलूप हलवून बघत राहिले. "आज लवकर सोडलं वाटतं," म्हटलं, तर पटलं त्यांना. परत आलो.
जेवून जरा पडले. उठल्यावर पुन्हा फोनकडे. मी आत भांडी लावत होते. आणि माझा फोन वाजला. लख्ख. नवं सिम चालू झालेलं, स्क्रीनवर 'अण्णा'.
आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. "बोला अण्णा."
"नलू, कुठं आहेस गं? केव्हाचा लावतोय."
"नेटवर्क नव्हतं अण्णा."
"बरं, ये सावकाश. इथं एक बाई आल्यात, सोबतीला. चांगल्या आहेत. तू आलीस की त्या जातील."
"येतेच."
डोळे पुसून बाहेर आले. अण्णा खूश. "येतेय ती," मला म्हणाले आणि खुर्ची दाराकडे वळवून बसले. मीही शेजारी बसले, दाराकडे बघत.