राणू कुळकर्णी आणि निळी अनुमनी

वेंगुर्ले,
ता. २३ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप भाईस कावेरीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सासूबाईंचे गुडघे सोडून सर्व खुशाल. तुझा खोकला, वहिनींचं डोकं आणि कुन्नूरची थंडी यांचं कसं काय चाललंय ते कळव. (वडील भावाला पत्रात 'आपण' लिहावं हे मला ठाऊक आहे. पण 'आपण' म्हणून भांडता येत नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे.)

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तू ते पार्सल पाठवलंस, तिथून सगळं सुरू झालं. चहाच्या मळ्याच्या कचेरीत तू कारकून, मळ्यावरच्या मडमेच्या बागेत फुलांचे गड्डे उरले, ते तिने तुला दिले. तू ते टाकून द्यायचेस! पण नाही, मेहुण्यांना फुलांची हौस म्हणून थेट आमच्या घरी. यांनी पार्सल फोडून चिठ्ठी मोठ्याने वाचली. वाळक्या नख्यांच्या जुडीसारखे दिसतात ते रॅनन्क्युलस, आणि गाठीसारखे दिसतात ते ॲनिमोनी. सासूबाई आतून ओरडल्या, "ह्यो राणू कुळकर्णी खंयचो रे?" तेव्हापासून आमच्याकडे ते कुळकर्णीच, आणि ॲनिमोनीची झाली अनुमनी.

लावण्याआधी गड्डे पाण्यात भिजवायचे असं तुझ्या चिठ्ठीत होतं. यांनी ते माझ्या पितळीत भिजवले आणि कचेरीत गेले. कुळकर्णी पाणी पिऊन असे फुगले की हुबेहूब भिजवलेले कोळंबीचे सोडे. नेमका सोमवार! सासूबाईंनी पितळी पाहिली मात्र, "सोमवारी सोडे भिजत घातलंस गो? देवाक तरी भी!" म्हणत मूठभर गड्डे परसात फेकले. कावळे आले, चोच लावली आणि सोडे म्हणून समजलेले ते गड्डे तसेच सोडून गेले. संध्याकाळी हे कंदील घेऊन परसात वाकून एकेक वेचत होते आणि सासूबाई ओटीवरून शिंतोड्यासाठी गोमूत्र मागत होत्या.

पुढे थंडीचा प्रश्न आला. कुन्नूरची थंडी वेंगुर्ल्यात कुठून आणणार? तर बंदरावरून. बांगड्यांच्या पेट्यांतला बर्फ हे रोज गोणपाटात गुंडाळून आणायचे आणि कुंड्यांभोवती रचायचे. आठ दिवसांत पडवीला असा वास सुटला की गल्लीतली सगळी मांजरं आमच्याकडे मुक्कामाला आली. त्यांनी बर्फ चाटला, बर्फाखाली काय आहे ते उकरून पाहिलं, आणि काही नाही म्हटल्यावर रागाने कुंडीतच... असो. तीस गड्ड्यांपैकी काही मांजरांनी नेले, बाकीचे कुजले. फेब्रुवारीत दोनच फुलली: एक लाल कुळकर्णी आणि एक निळी अनुमनी.

इथे माणूस थांबला असता. पण तुझ्या चिठ्ठीत होतं की दोन्ही एकाच कुळातली. म्हणजे सोयरीक जमवायला हरकत नाही, असं यांचं म्हणणं. (आपल्यात एकाच कुळात लग्न करत नाहीत, हे मी सांगून पाहिलं.) सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून बारीक कुंचला आणला. निळीच्या पोटातले केसर चिमट्याने एकेक उपटले आणि तिच्यावर कागदी पिशवी बांधली. दुसऱ्या दिवशी कुळकर्ण्याच्या केसरांवरची भुकटी घेऊन तिला लावायची, असा बेत.

सकाळी पाहतात तर कुळकर्णी गायब. नुसता देठ. हे तसेच बनियनवर शेजारच्या आनंदीबाईंकडे गेले, मी मागोमाग.

"काकू, आमचा लाल फूल खंय आसा?"

"खंय म्हणजे? देवाच्या माथ्यार. बरा फुलला हां तुमच्याकडे!"

परत मागायचं तरी कसं? हे देवघरात गेले, गुडघे टेकले, मान खाली घातली आणि खिशातून कुंचला काढून देवाच्या डोक्यावरच्या फुलाची भुकटी हळूहळू गोळा करू लागले. श्वास रोखून, डोळे बारीक करून. आनंदीबाईंना पाठच दिसत होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "देवळाची पायरी चढाक तयार नसलेलो विश्राम, आज बघ कसो लीन झालो! माका रडूच इला गो." दुपारपर्यंत ही वार्ता गल्लीभर झाली, आणि रविवारी भजनाला बोलवायला चौघे जण दारात हजर. तेव्हापासून हे दर रविवारी झांजा वाजवतात. कुणाला काय सांगणार?

भुकटी मात्र निळीला लागली. एप्रिलमध्ये कापसासारखं बी धरलं. त्या दिवशी यांनी सासूबाईंसमोर मला नावाने हाक मारली, "कावेरी!" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. फुलाचं नावही कावेरीच ठेवायचं म्हणतात.

आता मूळ मुद्दा. नाताळच्या रजेत हे बी घेऊन कुन्नूरला, मडमेला दाखवायला यायचं म्हणताहेत. तिकिटाची चौकशीसुद्धा केली. तर भाई, तू कसंही करून त्यांना अडव. घरात गोवर आहे म्हण, मडम विलायतेला गेली म्हण. आणि ही फुलं कोकणच्या हवेत होत नाहीत, नाद सोडा, असं चार ओळींत खडसावून लिही. मला या फुलांचा अगदी वीट आलाय.

तुझी,
कावेरी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी खरं ते लिहिते. कुळकर्णी आणि अनुमनी यांचा संकर होतच नाही, हे तू फेब्रुवारीत कळवलं होतंस. ते पत्र मी यांना दाखवलंच नाही. रोज सकाळी चहा हातात घेऊन हे त्या पिशवीकडे बघत बसायचे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींचे उतारे लिहिणारा माणूस, रे! यांनी कुजका म्हणून टाकलेला एक गड्डा मी मोरीमागे लावला होता, त्याला गुलाबी अनुमनी आली होती. (मोरीमागे धुणं असतं, म्हणून हे तिकडे फिरकत नाहीत.) हे कचेरीत गेल्यावर मी पिशवी सोडली, त्या गुलाबीची भुकटी बोटाने निळीला लावली आणि पिशवी होती तशी बांधली. मडमेने ते बी पाहिलं तर एका क्षणात सांगेल की यात कुळकर्णी कुठेच नाही.

ता. क. दुसरा. ते खडसावणारं पत्र लिहू नकोस. गोवराचं तेवढं लिही. आणि निळ्या नि गुलाबी अनुमनीचे दोन डझन गड्डे माझ्या नावाने पाठव, पुढच्या फेब्रुवारीतही लागतील. पोस्टमन अकराला येतो, हे तेव्हा घरी नसतात.

ता. क. तिसरा. थोडं बी यांनी या महिन्याच्या सुरुवातीला पेरलं. काल पाच कोंब वर आले. हे कचेरीत होते. मी निरोप पाठवला नाही. संध्याकाळपर्यंत एकटीच बघून घेतलं. इतक्या कोवळ्या रोपाला ऊन किती द्यायचं, एवढं मडमेला विचार. प्रश्न यांचा म्हणून विचार.