काकड्यांखालचा डबा

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगोजीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम कायम झालं, हे वाचून बरं वाटलं. शेवटच्या ओळीत, उगीच आपलं आठवलं म्हणून, डावा घोटा पुन्हा सुजल्याचं लिहिलं आहेस. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. मी शेवटची ओळ आधी वाचतो.

तीन महिन्यांत ही चौथी सूज. आपल्या दोघांचं रक्त नीट गोठत नाही, हे मी तुला नव्याने सांगायला हवं का? तुझ्या आजीकडून मला आलं, तुझ्या आईकडून तुला. माझ्या वेळी औषध नव्हतं. तुला दर मंगळवारी आणि शुक्रवारी इंजेक्शन आहे आणि शीर तुझी तुलाच सापडते. वेळच्या वेळी घेणाऱ्याचा घोटा सहसा असा सुजत नाही. म्हणजे तू टाळतोस.

किती वेळा सांगायचं? सगळं पालथ्या घड्यावर पाणी! सांधा आखडला तर दिवसभर यंत्रापाशी उभं राहणं विसर, असं डॉक्टरांनी तुला बजावलं आहे. छापखान्याचा एक जिना चढताना मी दोनदा बसतो. तुलाही तेच हवं असेल तर तसं कळव, म्हणजे मी शाई वाया घालवणार नाही.

रागावलो आहे. लोभ मात्र होता तेवढाच आहे.

तुझा,
मामा

ता. १० फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात वाचत होतो, तर माझं तोंड बघून मालकांनी विचारलं, कोण गेलं.

मी टाळत नाही. हे लिहिणार नव्हतो, पण तुम्ही शाई वाचवायला निघालात म्हणून लिहितो. इस्पितळातून औषध आई आणते, फ्रिजमध्येही तीच ठेवते. मंगळवारी एक कुपी काढून देते. शुक्रवारी विचारते, दुखतंय का. मी नाही म्हटलं की म्हणते, मग राहू दे, अडीअडचणीला असावी. इस्पितळाच्या वहीत मात्र दोन्ही वार लिहिते, नाहीतर ते कमी देतील असं तिला वाटतं. भाजीच्या कप्प्यात काकड्यांच्या खाली बिस्किटांचा डबा आहे, त्यात बारा कुप्या आहेत. पाचांची मुदत उलटून गेली.

मी वाद घातला नाही असं नाही. ती ओरडली तर मी ओरडतो, पण ती गप्प बसून रडायला लागली की माझं काही चालत नाही. आता तुम्हीच बघा. माझं नाव सांगू नका. अर्थात त्या डब्याचं आम्हा दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

घोटा अजून गरम आहे. राग उतरला असेल तर दोन ओळी लिहा.

आपला,
भाचा

ता. १४ फेब्रुवारी

चि. सौ. खारूताईस दादाचे अनेक आशीर्वाद.

चोर सोडून संन्याशाला सुळी देऊन बसलो, तेव्हा आधी पोराला माझी माफी सांग. मग खुर्ची ओढून बस आणि हे पत्र पुरतं वाच.

लहानपणी तू पेन्सिली साठवायचीस आणि बोटाएवढ्या तुकड्याने लिहायचीस. तेव्हा आम्ही हसलो. ही साठवण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अगं, दुखल्यावर घ्यायचं ते औषधच नव्हे, दुखू नये म्हणून घ्यायचं आहे! हे तुला डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरने सांगितलं, मी तर इतक्या वेळा सांगितलं की माझी मलाच लाज वाटते.

तू नऊ वर्षांची होतीस, मी तेरा. शाळा बुडवून माझ्या गुडघ्यावर बर्फ धरून बसायचीस. बाबा इस्पितळातून औषधाविना हात हलवत परत आले की त्यांच्याकडे बघायचीस. ते मी विसरलेलो नाही. तुझी भीती कुठून आली ते मला कळतं. पण माझा गुडघा गेला तो घरात कुपी नव्हती म्हणून. पोराचा घोटा जातोय तो घरात कुपी असून.

उद्या इस्पितळात जा आणि खरं काय ते सांग. बोलणी बसतील, ती खा.

तुझ्यावर चिडलेला आणि तुझाच,
दादा

ता. ८ मार्च, रविवार

ती. दादास सा. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, दादा. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. हे दुखणं माझ्याकडून त्याला गेलं, निदान औषध तरी माझ्या हातात असावं, एवढंच मला हवं होतं.

मग गेले. डबा सिस्टरपुढे ठेवला, वही खोटी आहे म्हणून सांगितलं. ती जे बोलली ते लिहीत नाही, तुला फार आनंद होईल. मुदत गेलेल्या पाच तिने काढून घेतल्या. घोटा बरा होईपर्यंत डॉक्टरांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितलं, त्यात डब्यातल्या बाकीच्या संपल्या. सूज उतरली. मी पोराला विचारलं, माझ्यावर रागावलास का. तो म्हणाला, हो. नंतर बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिला.

परवा शुक्रवारची कुपी दिली, ती शेवटची. नवं औषध उद्या मिळेल. आज घरात एकही नाही. सकाळपासून चारदा फ्रिज उघडून पाहिला. पोरगा मघाशी कठडा न धरता जिना उतरून मित्राकडे गेला, आणि मी वळणापर्यंत त्याची पावलंच बघत होते. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तो परत येईपर्यंत लिहीत राहणार आहे.

तुझी,
खारू