मांडीची चरबी आणि लग्नातला ब्लाउज

५ ऑगस्ट
निर्णय झाला. फायनल.
मांडीची आणि पोटाची चरबी काढून छातीत भरायची. आपलीच चरबी, आपलंच अंग. सिलिकॉन वगैरे परकं काही नाही. मोबाईलवर एका डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ पाहिला आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! घेरातलं जास्तीचं कापड काढून बाहीला लावायचं, हे मी दुकानात रोज करते. संगमनेरात लेडीज टेलर म्हणून माझं नाव आहे ते उगीच नाही.
लेक संस्कृती झाली, दूध प्यायली, आणि अंगावरून सुटली ती होतं नव्हतं ते घेऊनच. आता पोरगी कॉलेजात जाते आणि मी अजून ब्लाउजला आतून पॅड शिवते. पण काय सफाई! अख्ख्या गावात कुणाला पत्ता नाही. फक्त रात्री ब्लाउज खुंटीला टांगला की तो माझ्यापेक्षा भरलेला दिसतो. त्याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.
पुतण्या समर्थचं लग्न फेब्रुवारीत आहे. तोवर सगळं उरकायचं.
नियम एकच. कुणाला कळता कामा नये. पण लग्नात सगळ्यांच्या लक्षात आलं पाहिजे.

१२ ऑगस्ट
नाशिकला जाऊन आले. घरी सांगितलं, अस्तर आणायला जाते.
डॉक्टरीणबाईंनी पोटाची चिमूट घेतली, कमरेची घेतली, मांडीची घेतली. गिऱ्हाइकाचा ब्लाउजपीस मी असाच चाचपते, आणि कापड कमी पडणार असलं की माझं तोंड जसं होतं तसंच त्यांचं झालं. म्हणाल्या, काढण्याजोगी चरबीच नाही. वजन वाढवा, ते टिकवा, मग या. शिवाय भरलेली सगळी चरबी जगत नाही, बरीचशी अंगात जिरते. फरक पडेल तो ब्रेसियरच्या एखाद्या कपाचा, फार मोठी अपेक्षा ठेवू नका.
ते त्या सगळ्यांनाच सांगत असणार. मीसुद्धा सगळ्यांना सांगते, कापड आटेल म्हणून.
मोठ्या जाऊबाईंची चालेल का, तेही विचारून घेतलं. चांगुणाताईंकडे भरपूर आहे आणि त्यांचा हात सढळ आहे. बाई हसल्या. दुसऱ्याची चालत नाही म्हणे.
आयुष्यात पहिल्यांदा जास्त खायला सांगणारा डॉक्टर भेटला. सहा-सात किलो म्हणजे काय, महिन्याचं काम.
येताना अस्तर घ्यायचं विसरले.

१५ ऑगस्ट
आजपासून खाण्याचा कार्यक्रम. सकाळी डिंकाचा लाडू, साय घालून दूध. दुपारी तुपाची पोळी. चार वाजता परत लाडू. रात्री भात, वर तूप.
दुपारी गिऱ्हाइकं होती, पोळी राहिली. चारच्या लाडवाच्या वेळी हूक लावत होते.
उद्यापासून नक्की.

१९ ऑगस्ट, रात्री
ह्यांना सांगावं लागलं. हे रोज दुधाच्या डेअरीवर, संकलन केंद्रात गावाच्या दुधाची फॅट काढतात, म्हणजे मशीनवर मोजतात, आणि बायको अचानक साय मागायला लागली म्हणजे यांना शंका येणारच. सगळं सांगितलं. पॅडचंसुद्धा. वाटलं, धक्का बसेल, सोळा-सतरा वर्षांचं गुपित आहे. तर हे म्हणाले, "अगं, कपडे मीच वाळत घालतो की." मग थोडं थांबून म्हणाले, "मला काय, मी तुला बिगर ब्लाउजचीच वळखतो. तुला दुखाय नको म्हंजे झालं."
या माणसाला सौंदर्यदृष्टी अशी नाहीच. पण चला, मदत करतो म्हणाले. म्हशीला सरकी पेंड वाढवली की फॅट चढते, असंही सांगितलं. मी दिवा घालवला.

२९ ऑगस्ट
गणपती. मोदक दणकून खायचे ठरवले होते. वाढता वाढता माझ्या वाट्याला दीड आला. चांगुणाताईंनी किती खाल्ले ते मोजलं नाही, पण वाया चालले होते सगळे. एवढी चरबी बिनकामाची पडून आहे आणि मी इथे थेंबाथेंबाला महाग.

७ सप्टेंबर
वजन करायचं म्हणून डेअरीवर गेले. तिथला काटा घरच्यापेक्षा खात्रीचा. दूध घालायला आलेली माणसं रांगेत उभी आणि मी दोन कॅनच्या मध्ये काट्यावर. ह्यांनी गंभीरपणे आकडा वाचला. रांगेतल्या सहादेवनानांनी विचारलं, वहिनींना काय होतंय? हे म्हणाले, अशक्तपणा हाय. नानांनी मान हलवली, म्हणाले, "दिसतंयच की."
अर्धा किलो कमी झालंय.
काटा दुधासाठी आहे, माणसांसाठी नाही. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

२५ सप्टेंबर
नवरात्र. नऊ दिवसांचे उपवास धरलेत. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. वजन वाढवायला उपवासासारखं दुसरं काही नाही, हे कुठल्याही बाईला विचारा. देवीचंही होईल आणि माझंही.

३ ऑक्टोबर
देवीचं झालं.
माझं नाही झालं, कारण दांडियाचे घागरे एवढे आले की ताटावर बसायला सवड नव्हती. खिचडी ह्यांनी संपवली. ह्यांच्या शर्टाची पोटावरची दोन बटणं आता लागत नाहीत. डॉक्टरांना फोन करून विचारावं का, नवऱ्याची चालते का? नको. परत हसतील.

१९ ऑक्टोबर
दिवाळीचे ब्लाउज. दुकानात श्वास घ्यायला जागा नाही. वजनाचं नंतर बघू. मला घाई नाहीच मुळी. आणि खरं सांगायचं तर मी हे दुकानासाठी करतेय. टेलरीणबाईचं फिटिंग हीच दुकानाची पाटी.

१६ नोव्हेंबर
जमलं! जमलं! जमलं!
भाऊबीजेला माहेरी गेले ती दुकान बंद करून चक्क राहिले. आईने बसवून खाऊ घातलं. परत आल्यावर हे रोज दुधाचा ग्लास घेऊन समोर उभे राहिले आणि रिकामा झाल्याशिवाय हलले नाहीत. डेअरीच्या काट्याने सहा किलो दाखवले. चांगला काटा आहे हो, उगीच नावं ठेवली.
सगळं माझ्या जिद्दीवर झालं. मन लावलं की मी काहीही करू शकते.
पोट सुटलंय. मांड्या एकमेकींना लागतात. पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून आनंद होतोय.

२१ नोव्हेंबर
नाशिक. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी परत चिमटे घेतले आणि या वेळी मान डोलावली. ऑपरेशन ८ डिसेंबरला. माझी भिशी लागलीच आहे.
घरच्यांना अपेंडिक्स सांगायचं ठरलं. अपेंडिक्सबद्दल कुणी जास्त विचारत नाही.

१० डिसेंबर
झालं. काल घरी आले.
छातीचं फार दुखत नाही. मांड्या मात्र घाटात आडव्या झालेल्या ट्रकखाली सापडल्यासारख्या ठणकतात. काळ्यानिळ्या झाल्यात. पोटापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्याची चड्डी, ती सहा आठवडे. पालथं झोपायचं नाही. वर दाब पडू द्यायचा नाही. मशीनवर बसायचं नाही.
पण खाली मान घातली की दिसतं. माझं. माझं स्वतःचं! दोनदा रडले आनंदाने. हे घाबरून डॉक्टरांना फोन लावत होते.

१३ डिसेंबर
चांगुणाताई नाचणीची खीर घेऊन आल्या. अपेंडिक्सला मांडीपर्यंत पट्टा कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, आता नवीन पद्धत आहे. टाके दाखव म्हणाल्या. मी म्हटलं, दिसत नाहीत, तीही नवीन पद्धत. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या. मी मुद्दाम पदर जरा बाजूला घेतला. शेवटी म्हणाल्या, "तोंड सुकलंय गं तुझं."
घरात उजेड कमी होता.

१८ डिसेंबर
राहवलं नाही. स्वतःचं माप घेतलं. टेप दोनदा लावली, खोटं वाटू नये म्हणून. काय माप आहे! डॉक्टरीणबाई उगीच हात राखून बोलत होत्या.
लग्नातल्या पैठणीचा ब्लाउज आजच कापला. प्रिन्सेस कट. आत पॅड नाही, कॅनव्हास नाही, काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या खऱ्या मापावर कात्री चालवली. हे म्हणाले, अजून सूज हाय, डॉक्टर थांबा म्हणाल्यात, तूच तर गिऱ्हाइकांना सांगते अंगावर सूज असली की माप देऊ नका. मी म्हटलं, तुम्ही दुधाचं बघा.

६ जानेवारी
ब्लाउज घालून पाहिला. काखेत थोडा सैल. थोडीशी सूज असेलही, ती गेली. अर्धा इंच आत घेतला.

१५ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. पट्ट्याची चड्डी घालून अकरा घरी बसले-उठले. कुणी काही म्हणालं नाही. शालीमुळे असेल, थंडी होती ना.
ब्लाउज अर्धा इंच आत.

२८ जानेवारी
नाशिकला तपासणी. डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, चरबी छान जगली आहे, आता जे आहे ते तुमचं, फक्त वजन उतरू देऊ नका. किती फरक पडला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, सांगितला होता तेवढाच, एक कप.
एक कप म्हणजे थोडं नाही. शून्यातून एक आहे.
ब्लाउज परत आत घेतला. शिवणीत आता एवढं मार्जिन जमलंय की आत दुसरा ब्लाउज निघेल.

१४ फेब्रुवारी
आज फायनल फिटिंग. चुण्या नाहीत, ओढ नाही, हूक लोण्यासारखे लागले. आत फक्त मी. आरशासमोरून हलवेना. संस्कृती दोनदा डोकावून गेली, तिला क्लासची फी हवी होती.
मग एक मूर्खपणा केला. गिऱ्हाइकं मापाचा म्हणून जुना ब्लाउज देतात, तो नव्यावर ठेवून ताडून बघायची हाताला सवय आहे. सवयीने माझा जुना पॅडचा ब्लाउज काढला आणि नव्यावर ठेवला.
काठाला काठ. बाहीला बाही. छाती तीच. सुतभर फरक नाही.
टेप लावून परत पाहिलं. तेच.
पण यात वाईट काय आहे? माप तेच असलं तरी ते खोटं होतं, हे खरं आहे. खऱ्याचं तेज वेगळंच असतं. बायकांच्या नजरेला ते बरोबर कळतं, बायका काही टेप घेऊन लग्नाला येत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रात्री उशिरा
समर्थचं लग्न छान झालं. जेवणात बासुंदी होती. नवरी गोड आहे.
मी सकाळपासून पदर एकेरी घेऊन मिरवत होते. हळदीला, अक्षतांना, पंगतीत. फोटोवाल्याच्या समोर तर मी जरा वळूनच उभी राहिले. झुंबरमावशी माझ्याजवळ आल्या, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, पोट किती उतरलं गं तुझं, काय केलंस? मी म्हटलं, अपेंडिक्स काढलं. त्या म्हणाल्या, मलापन काढून घ्यायला पायजे.
मग विहिणींच्या घोळक्यात चांगुणाताईंनी मला हाताला धरून पुढे ओढलं. वाटलं, आता! यांच्या लक्षात आलं. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या दिपालीला बघा. ह्या घरात लगीन हून आली तवा जशी हुती तश्शीच हाय. वीस वर्सांत बाईत काडीचा फरक न्हाई!"
सगळ्या म्हणाल्या, खरंच की.
ताईंनी मनापासून कौतुक केलं होतं. लग्नाच्या गडबडीतही त्यांना माझी आठवण झाली. मी हसले, पाया पडले, आणि भटारखान्यामागे जाऊन डोळे पुसले. कांदे चिरणं चाललं होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.
परतताना गाडीत ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग मला बरं वाटावं म्हणून, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मग तुझ्या मनासारखंच झालं की गं. कुनाला कळलंच न्हाई."
मी म्हटलं, हो.