चौदा मार्चची चाळणी

प्रिय तूवा,

पुढच्या गुरुवारी तुमच्या रीतीप्रमाणे विद्यापीठाच्या फळीवर सगळ्यांना बघायला प्रबंध खिळ्यानं ठोकायचा आणि हातोडीचा पहिला घाव बाबानं घालायचा, हा तुझा निरोप मिळाला. नववीनंतर शाळा सोडलेल्या बोटवाल्याला असा मान कोण देतं? दुकानात दोघा-तिघांना मीच सांगून टाकलं.

इथे बर्फ सरला, पण खाडी अजून राखाडीच आहे. समुद्र-संशोधन केंद्रात आता कामाला मी आणि येर्डा, दोघंच. ती अजून चिडवते, "ब्रँडीन, पाद्री बाळाला न्हाऊ घालतो ना, तशी तू चाळणी धुतोस." धुतोच. तीस वर्षं खोल गाळ उपसून त्यातून लोरिसिफेरा काढतोय, पाव मिलिमीटरचे जीव. नऊ वर्षांची असताना तू मासळीच्या खोक्यावर चढून माझ्या सूक्ष्मदर्शकात डोकावलीस आणि म्हणालीस, "बाबा, फुलदाणीला मिशा फुटल्यात." त्याहून अचूक वर्णन मी अजून कुठे वाचलेलं नाही.

आणि मग मला किनाऱ्याच्या वाळूत सापडलेले, मी तुला पाठवलेले ते चार. या जीवांचे पूर्वज उथळ वाळूतून खोल समुद्रात उतरले, हा तुझा सगळा सिद्धांत त्या चौघांवर उभा आहे. जात नवी निघाली, आणि तिला तू माझं नाव दिलंस.

शरदापासून मी तीच वाळू त्रेसष्ट वेळा धुतली. एकही नाही. हंगाम नसेल, म्हटलं. मग गेल्या आठवड्यात जुनी वही उघडली. चौदा मार्च, ते चार सापडले तो दिवस. सकाळी एकशे दहा मीटरवरचा गाळ, दुपारी किनाऱ्याची वाळू, आणि मधे माझ्याच अक्षरात: 'गोड्या पाण्याचा नळ गोठला. चाळणी समुद्राच्या पाण्यानं धुतली.'

पुढचं तुला सांगायला नको. हे जीव मिळेल त्याला चिकटून बसतात, गोड्या पाण्याचा हिसका बसला तरच सुटतात. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे मीच बजावतो. दुपारी किटलीभर कढत पाणी ओतून नळ मोकळा केला आणि वाळू गोड्या पाण्यानं धुतली. तेव्हा जे सुटले ते वाळूतले नव्हते, सकाळपासून जाळीला चिकटलेले होते. सोमवारी त्याच खोल जागेचा गाळ आणला. अकरा निघाले. मिशा मोजल्या, एकेक काटा ताडून पाहिला. तेच आहेत.

येर्डा म्हणाली, "अरे, चार तर जीव. कोण बघायला बसलंय?" दोन दिवस मलाही तसंच वाटलं आणि मी गप्प बसलो. तेही तुला माहीत असायला हवं.

फोन केला नाही, कारण "बाबा, नक्की?" एवढं जरी तू विचारलं असतंस, तरी मी माघार घेतली असती. तूवा, गुरुवारी प्रबंध ठोकू नकोस. वहीचं ते पान आणि अकरा काचपट्ट्या सोबतच्या डब्यात आहेत. तुझ्या प्राध्यापकांना दाखव आणि 'चूक माझ्या बापाची' असं सरळ सांग. चार वर्षांतलं किती वाचेल, मला माहीत नाही. जीव नवा आहे, तेवढं खरं, पण त्याला दुसरं नाव शोध. काही दिवस माझ्याशी बोलली नाहीस तरी समजेन. डबा न फुटता पोचला, एवढं मात्र कळव.

तुझाच,
बाबा