मायचं लसणाचं तेल

गंगाखेड,
पौष शुद्ध पंचमी, शके १८६४

तीर्थरूप चंद्रप्पा अण्णांना धाकट्या चन्नबसम्माचे शरणार्थ.

इकडं समदे खुशाल हाव. तूर चांगली भरलीय. थंडी लय पडलीय. मायचे गुडघे कसे हायत?

आपल्या गावचा लिंबाजी इकडं बाजाराला आला तवा तुमचा निरोप कळला. संक्रांतीला माय येणार, आन् माझ्या उमासाठी लसणाचं तेल कढवून आणणार. अण्णा, तेल आणू देऊ नका. उमाचा कान बरा झाला.

मागं हाक मारली तरी पोरगी वळंना. सासूबाई म्हणाल्या, कानात मळ हाय, आन् केसाच्या आकड्यानं कोरायला बसल्या. कान आणखीच बंद झाला. मग उमाचे वडील मला आन् उमाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हा मळ म्हणजे घाण न्हाई. तो कानाची राखण करतो, आपसूक बाहेर येतो. तुमीच त्याला आत ठासलाय. आकडा, काडी, काही घालू नका." आन् मळ मऊ व्हावा म्हणून त्यांनीच कोमट गोडेतेलाचे थेंब दिले! पुढच्या खेपेला पिचकारीनं कोमट पाणी सोडलं, तवा काळा खडा पडला.

मी उमाला म्हणलं, "ऊठ, परकर सावर." तिनं दोन्ही कान झाकले. "एवढं वरडू नको की!"

मी वरडले नव्हते, अण्णा. उमाचे वडील हसले. डॉक्टरसाहेब हसले न्हाईत. "तुमी नेहमी एवढ्याच मोठ्यानं बोलता? तुमालाच कमी ऐकू येत असंल," म्हणून त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं, बत्ती धरून कान बघितले.

"डाव्या कानाच्या पडद्याला भोक हाय. ल्हानपणी कडकडीत तेल घातलं होतं का?"

मी न्हाई म्हणलं. का म्हणलं, ते मलाच उमगंना.

"मग पू झाला असंल. पुवानंबी पडदा फुटतो. तुमच्या कानात तेलपाण्याचा थेंब जाऊ देऊ नका."

तवापासून डोकं चालंना. लेकीला तेल चालतं, मला चालत न्हाई. तुमाला तर ठावं हाय. ल्हानपणी मी कान धरून लोळत होते, मायनं पळीतलं तेल ओतलं, आन् माझे पाय तुमी धरले होते. पण ठणका आधीच लय होता. पडदा तवाच फुटला होता का? तेलानं फुटला का? आता कोण सांगणार? मी रडून दमले तवा मायच्याच मांडीवर झोपले, हेबी आठवतंय. राग येतो, आन् लगेच मायला बघावंसं वाटतं.

हे मायला वाचून दाखवू नका. न्हाई तर दाखवा. न्हाई, नको. उमाच्या कानाला हात लावू नको, हे मीच तिला सांगते. तिनं "का गं?" विचारलं, तर माझ्या तोंडून काय निघंल ते मला ठावं न्हाई.

तुमी तिच्यासंगं या, अण्णा. मला एकटीला जमायचं न्हाई.

राग कुणावर धरावा हे अजून न कळलेली तुमची धाकटी,
चन्नबसम्मा