लेकीच्या घरचं पाणी

पौष वद्य ३, सन १९३४. बडोदं.

पोचलो एकदाचे! प्रकाशाहून नावेने तापी ओलांडली, बैलगाडीने नंदुरबार, तिथून आगगाडीने सुरत, आणि पुन्हा आगगाडी. अंग नुसतं आंबून गेलंय. पण देवाची कृपा, मी आणि बायको धनुबाई, दोघं धडधाकट आलो. घरी मुलगा हिलाल आणि सून रंजना आहेत, काळजी नाही.

लेक मंगला स्टेशनावर आली होती. तिचं घर हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही दोघं धर्मशाळेत तीन विटांची चूल मांडून बसलोय. इलाज नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा आईबापाला चालत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. निघताना पोर एवढंच म्हणाली, "आबा, मी रांधस तवय तुम्ही घर नका येजात. मन्हा हात चालत नई."

वद्य ४.

जावई नथ्थूराव रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून. हळूच म्हणाले, "मामा, जेवणवेळेला सगळ्यांचाच जीव कोंडतो. त्यापेक्षा तुम्ही शहर पाहा. चित्रांचं प्रदर्शन भरलंय." किती समजून घेतलं! असा जावई मिळायला पुण्य लागतं.

मांडवात भिंतभर चित्रं. एका ताटात आंबे काढलेले. पौषात आंबे! मी नाक जवळ नेलं, तर चित्र काढणारा तरुणच मागे उभा! हसला, म्हणाला, "बाबा, तुम्ही फसलात म्हणजे माझं सोनं झालं." पुढे एका राणीचं चित्र. धनुबाई तिच्यासमोरून हलेना. "इतली सोनाघाई मढेल शे, मंग बाईनं तोंड काबर उतरेल शे?" मी म्हटलं, "तिच्या आईबापाला विचार." गंमत केली, पण ती हसली नाही.

संध्याकाळी मंगलाच्या दारात उभ्या उभ्या बोललो. आत वांग्याच्या भरताचा वास. धर्मशाळेत येऊन धनुबाईने अर्धी भाकर तशीच ठेवली.

वद्य ५.

पाय सुजले. कुठेच गेलो नाही. धनुबाई दिवसभर मंगलाच्या घराकडे तोंड करून बसली — हेही एक प्रदर्शनच!

वद्य ६.

आज काय घडलं ते नीट लिहितो.

कमाटी बागेतलं संग्रहालय पाहिलं. पेंढा भरलेले वाघ, दगडी देव, जुन्या तलवारी. डोळ्यांचं पारणं फिटलं. या वयात एवढं दाखवलंस, देवा! मग एका काचेच्या पेटीपाशी आलो. आत मिसर देशातलं मढं! हजारो वर्षांचं, चिंध्यांत गुंडाळलेलं. पट्टेवाला भला माणूस, गुजरातीत समजावून सांगत होता — ते लोक मेलेल्या माणसाबरोबर धान्य-पाणी ठेवत, वाटेत उपाशी राहू नये म्हणून.

धनुबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. एकदम म्हणाली, "मरेल मानूसले बी पानी देतस व्हयी!" आणि बाहेर पडली.

बाहेर आल्यावर निराळीच पंचाईत. मढं पाहिलं, आता अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात कसा लावायचा? मी म्हटलं, "अगं, काचेतलं आहे ते!" "मढं ते मढंच." धर्मशाळेच्या नळाला दुपारी पाणी नाही. मग गेलो मंगलाकडे.

पोरीने बंब पेटवला. आम्ही नाहून बाहेर आलो, तर ती न्हाणीच्या दाराशी उभी. डोळे भरलेले, पण बोलली ठसक्यातच. तिच्या आईचीच लेक! "आबा, मन्हा घरनं पानी आंगवर चालस, आन पोटमा चालत नई?"

लोक काय म्हणतील, एवढंच मनात आलं. तेवढ्यात धनुबाई पाटावर जाऊन बसली. ओंजळ पुढे केली. "आन वं पोरी, पानी आन. भरीत शे का परवानं?"

"परवानं काबर, माय? ताजं करस!"

दोघी रडत होत्या, हसत होत्या. मी जेवलो. पोटभर जेवलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या हातचं. तिखट जरा जास्त होतं. तरी पुन्हा वाढून घेतलं.

वद्य ७. गाडीत.

मंगलाने भाकरी बांधून दिल्या. पोर आज अगदी वेगळी दिसत होती, लग्नाआधी दिसायची तशी. देवा, तुझे उपकार.

धनुबाईशी ठरवून टाकलं — गावात चकार शब्द काढायचा नाही. भाऊबंद जगू देणार नाहीत.

माघ शुद्ध २. प्रकाशा.

म्हसावदचे व्याही, रंजनाचे वडील, लेकीला भेटायला आले. तिला अजून मूल नाही, म्हणून ओट्यावरच बसले आणि घरून आणलेली शिदोरी सोडू लागले. दोन वर्षं असंच चाललंय, आणि मी समोर बसून पीकपाण्याच्या गप्पा मारतो! आज माझी चुलत भावंडंही ओट्यावर होती. मी आत हाक मारली, "रंजना, पोरी, तुन्हा बापनं ताट वाढ." व्याही दचकून उठलेच. हात धरून खाली बसवलं, आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "बसा व्याही. बडोदाले मी बी जेवनू."